खारा वारा आणि मोटारीचीं मळसूत्रें

मोटारीच्या इंजिनाविषयीं बोलणारा मनुष्य बहुधा दट्ट्याविषयीं बोलतो, ठिणगीविषयीं बोलतो, फार तर पेट्रोलच्या किंमतीविषयीं बोलतो. नट आणि बोल्ट हा कांहीं कोणाच्या कौतुकाचा विषय नव्हे. तथापि इंजिनाचे सारे मोठे अवयव ज्यांच्या भरंवशावर एकमेकांस धरून असतात तीं हींच चिमुकलीं मळसूत्रें होत. इंजिनाच्या माथ्यावर, झडपा उघडणाऱ्या यंत्रणेंत, त्यांतलें एखादें झिजलें किंवा सैल पडलें म्हणजे मालकाला त्यांची आठवण होते, आणि ती आठवण बरीच महाग पडते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ती इतर ठिकाणांपेक्षां जरा लौकर होते. कारण अर्थात् समुद्र.

या मुलखाचें कुलाबा हें नांव १९८१ सालच्या आरंभीं बदललें. पण अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन ही किनाऱ्यावरची माळ जेथल्या तेथें आहे. मुंबईकरांचीं येथें पूर्वापार घरें आहेत. वर्षांतले आठ-दहा महिने त्यांना कुलूप, आणि सुटींत माणसांची वर्दळ. पूर्वीं मुंबईची मोटार येथें आणावयाची तर पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घ्यावा लागे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटांत घेऊन येणारी मोठी बोट मांडव्यास लागूं लागली, आणि जुन्या गाड्या हौसेनें इकडे आणून ठेवणाऱ्यांची चांगलीच सोय झाली. या जुन्या गाड्यांत फियाटचें घराणें सर्वांच्या ओळखीचें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें कुर्ल्याच्या कारखान्यांत ११०० जातीची गाडी तयार केली. तीच पुढें १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असें समीकरण कित्येक वर्षें होतें. ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली आणि टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. घरगुती गाड्या मात्र अद्याप आहेत. त्यांतल्या पुष्कळ, आजोबांनीं घेतली म्हणून नातवंडांनीं राखलेल्या.

या गाडीचें इंजिन साधें आणि उघड्या स्वभावाचें आहे. चार नळकांडीं, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर, आणि एकूण घनफळ १०८९ घन सेंटिमीटर. प्रत्येक नळकांड्यास दोन, अशा आठ झडपा. एक ताजें मिश्रण आंत घेते, दुसरी जळलेला वायु बाहेर सोडते. झडपा वर हेडमध्यें असतात. पण त्या उघडण्याचा हुकूम सोडणारा कॅम-शाफ्ट खालीं, ब्लॉकच्या कुशींत. या दोहोंमध्यें निरोप्याचें काम पुशरॉड नांवाच्या लांब सळ्या करतात. कॅमचा उंचवटा आला कीं टॅपेट वर उचलला जातो, तो सळईस ढकलतो, सळई रॉकरचें एक टोंक वर लोटते, आणि तराजूच्या दांडीप्रमाणें रॉकरचें दुसरें टोंक खालीं जाऊन झडपेस दाबतें. झडप पुन्हां मिटण्याचें काम स्प्रिंगचें.

आतां थोडा हिशेब करावा. इंजिन मिनिटास अडीच हजार फेरे घेत असतां प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदां, म्हणजे मिनिटास १२५० वेळां उघडते. मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या सुमारें अर्ध्या तासाच्या प्रवासांत एकेक झडप ३७,५०० वेळां उघडते व मिटते. आठ झडपा मिळून तीन लाख वेळां. प्रत्येक वेळीं स्प्रिंगचा सारा जोर रॉकरच्या दांड्यास उचलूं पाहतो, आणि त्या दांड्यास हेडवर दाबून धरणारे काय ते चार-दोन स्टड आणि त्यांवरचे नट. दोन्ही टोंकांस आटे असलेला व डोकें नसलेला बोल्ट तो स्टड. त्याचें एक टोंक हेडमध्यें रुतलेलें असतें, दुसऱ्यावर नट बसतो. याखेरीज प्रत्येक रॉकरच्या टोंकाशीं झडपेची फट कमी-अधिक करण्याचा स्क्रू असतो व तो जागीं राहावा म्हणून त्यावर लॉकनट असतो. झडपेच्या दांड्याच्या खांचेंत बसून स्प्रिंगला धरणारे कॉटर तर इतके लहान कीं हातांतून निसटले तर अंगणाच्या वाळूंत सांपडावयाचे नाहींत. परंतु हे अर्ध्या शंकूच्या आकाराचे दोन तुकडे सुटले तर झडप नळकांड्यांत पडते, वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळतो, आणि दोघांचाहि निकाल लागतो. रुपया-दोन रुपयांच्या तोडीच्या वस्तूनें सबंध इंजिनाचा घात करावा, असा हा मामला आहे.

सुदैवानें बहुतेक वेळां मळसूत्रें आधीं सूचना देतात. ही सूचना म्हणजे 'टक्-टक्' असा एकसारखा, इंजिनाच्या निम्म्या गतीनें चालणारा आवाज. मिस्त्री त्याला टॅपेटचा आवाज म्हणतात. पुष्कळदां तो खरोखरच फट वाढल्याचा असतो. स्क्रूचें गोल टोंक किंवा रॉकरचा तळवा झिजलेला असतो, आणि स्क्रू फिरवून फट पुस्तकांत दिल्याप्रमाणें केली कीं काम भागतें. परंतु तोच आवाज आठ-पंधरा दिवसांनीं परत आला तर फटीस दोष देत बसण्यांत अर्थ नाहीं. एक तर लॉकनट स्क्रूला धरीत नाहीं, नाहीं तर दांड्याचा आधारच हलतो आहे. दर वेळीं स्क्रू थोडा पुढें घेऊन आवाज दाबणें हा उपाय वरवर स्वस्त. पण तो नुसता आवाज दाबतो. त्याहून वाईट म्हणजे आवाज नाहींसा करण्याच्या हौसेनें फट अजिबात मिटवून टाकणें. झडपेचा दांडा तापला कीं वाढतो. त्याच्यासाठींच ही केसभर जागा ठेविलेली असते. ती न ठेवल्यास गरम इंजिनांत झडप पुरती मिटत नाहीं. धुराची झडप आपली उष्णता हेडमधल्या बैठकीला टेकूनच बाहेर टाकते. ती टेकलीच नाहीं तर तिची कड जळून जाते. थोडासा बोलणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षां बरा, असें जुने फिटर मानीत, त्यांत पुष्कळ शहाणपण होतें.

खाऱ्या वाऱ्याचा येथें संबंध काय, असा प्रश्न साहजिक आहे. कारण हीं सारीं मळसूत्रें पत्र्याच्या झांकणाखालीं, तेलांत न्हालेलीं असतात. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा उपद्रव खरोखरच फारसा नाहीं. उपद्रव होतो तो उभ्या गाडीला. इंजिन कोणत्याहि स्थितींत थांबलें तरी कोणती तरी झडप उघडी राहतेच. तिच्या वाटेनें ओलसर, खारट हवा नळकांड्यांत शिरते. पावसाळ्यांत दिवसाच्या उष्म्यानंतर रात्रीं झांकणाच्या आंतल्या बाजूस दंव धरतें. तेल भरावयाच्या तोंडाचें टोपण काढून पाहिलें तर आंत सायीसारखा पांढरट लगदा दिसतो, तो याच पाण्याचा आणि तेलाचा. तेल हळूहळू खालीं उतरून जातें, वरचे स्टड व नट उघडे पडतात, आणि गंज त्यांच्या आट्यांच्या तळाशीं बसतो. म्हणजे नेमका जेथें बोल्ट सर्वांत अशक्त तेथेंच. घरचा राखणदार दर रविवारीं पांच मिनिटें इंजिन चालवून ठेवतो, त्यानें मालकाचें समाधान होतें. इंजिनाचें होत नाहीं. तेवढ्या वेळांत तेल पुरतें तापत नाहीं, आणि जळणांतून निघालेलें नवें पाणी मात्र त्यांत मिसळतें. चालवावयाची तर गाडी रेवदंड्यापर्यंत नेऊन आणावी, नाहीं तर हात लावूं नये.

दुसरें कारण धातूंच्या जोडीचें. या इंजिनाचें हेड ॲल्युमिनियमचें आहे व स्टड पोलादी. दोन निरनिराळे धातु खाऱ्या ओलाव्यांत एकमेकांस टेकून राहिले कीं त्यांचा एक लहानसा विजेचा घटच तयार होतो. त्यांत झिजावें लागतें तें ॲल्युमिनियमला. मग स्टडच्या भोंवतालीं पांढरी भुकटी जमते आणि तो जणूं हेडमध्यें सांधला जातो. अशा स्टडवर जोर केला म्हणजे एक तर तो पिळवटून तुटतो, नाहीं तर हेडमधले आटे ओढून बाहेर येतो. "शेट, आटे गेले, आतां हेड काढावें लागेल," हें वाक्य किनाऱ्यावरच्या कित्येक मालकांनीं ऐकलें असेल. त्यांतल्या निम्म्यांना तरी तें वेळेवारी केलेल्या थोड्या कामानें टाळतां आलें असतें.

मळसूत्र धरतें कसें, याविषयीं सुशिक्षितांतहि एक चुकीची समजूत आहे. नट घट्ट बसला म्हणून वस्तु धरली जाते, असें नव्हे. नट आवळतांना बोल्ट किंचित् लांबतो, आणि लांबलेल्या रबराप्रमाणें परत आंखडूं पाहतो. त्या आंखडण्याच्या ओढीनें दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. बोल्ट ही एक अत्यंत ताठ स्प्रिंगच होय. आठ मिलिमीटर जाडीचा, चांगल्या पोलादाचा बोल्ट नीट आवळला तर सुमारें दीड टनाची ओढ धरतो. ही ओढ वरून येणाऱ्या धक्क्यांहून मोठी आहे तोंवर बोल्टला ते धक्के जवळजवळ जाणवतच नाहींत. ती कमी पडली कीं प्रत्येक ठोक्यागणिक बोल्ट ताणला व सोडला जातो, आणि तीन लाखांचा तो हिशेब त्याच्या अंगावर येतो. वाकवून वाकवून तार तुटते तसा तोहि एके दिवशीं तुटतो. म्हणून सैल नट हा नुसता सैल नट नसतो. तो तुटूं घातलेला स्टड असतो.

उलट, अति जोर केल्यास बोल्ट आपल्या लवचिकपणाची मर्यादा ओलांडून कायमचा लांबतो. असा बोल्ट ओळखण्याची सोपी रीत आहे: नवा नट त्यावर हातानें फिरवावा. मध्यें कोठें अडला, किंवा नव्या बोल्टच्या आट्यांशीं आटे जुळवून पाहतां मध्येंच फट दिसली, तर तो भंगारांत टाकावा. पाना किती जोरानें ओढावा हें पुस्तकांत आंकड्यानें दिलेलें असतें आणि टॉर्क-पान्यावर तो आंकडा वाचतां येतो. मात्र पान्यावर लावलेल्या जोरापैकीं सुमारें नऊ दशांश जोर नटाच्या बुडाशीं व आट्यांत घर्षणांतच खर्ची पडतो. बोल्ट ताणण्यास उरतो एक दशांश. त्यामुळें गंजलेल्या आट्यांवर आंकडा पुरा दिसला तरी ओढ अपुरी असते, आणि कोरड्या आट्यांसाठीं दिलेला आंकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला तर ओढ प्रमाणाबाहेर जाते. स्वच्छता ही येथें नुसती टापटीप नव्हे. मुरलेल्या मिस्त्र्याच्या मनगटाला जी जाण असते ती खोटी नाहीं. आंखूड पाना हातांत असेल तर ती बहुधा बरोबरहि ठरते. परंतु आठ ठिकाणीं सारखा जोर देणें मनगटाला साधत नाहीं, आणि रॉकरच्या दांड्याला सारखेपणाच हवा असतो.

नवे नट-बोल्ट आणतांना आणखी एक खाचखळगा आहे. फियाटचीं मळसूत्रें मिलिमीटरच्या मापाचीं. पण किनाऱ्यावरच्या कारखान्यांत जुन्या विलीज जातीच्या जीपहि येतात, एखादी विलायती गाडीहि येते, आणि त्यांचीं मापें इंचांत. डब्यांत सारे नट एकत्र. पांच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आठ मिलिमीटरच्या नटाशेजारीं ठेविला तर डोळ्यांस भेद कळत नाहीं. आट्यांतलें अंतर मात्र निराळें. आठ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टांत तें १.२५ मिलिमीटर, तर इंची बारीक आट्यांत इंचास २४ आटे, म्हणजे १.०६ मिलिमीटर. असा परका नट पहिला-दुसरा वेढा मुकाट्यानें घेतो, मग अडतो. आणि अडला म्हणून कोणी पान्याला नळी लावून जोर केला कीं दोहोंचेहि आटे जातात. इंग्लंडांत सर जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं मळसूत्रांच्या मापांत एकवाक्यता आणण्याची योजना मांडली व आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरविला. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं १८६४ सालीं ६० अंश सुचविले. पांच अंशांचा हा मतभेद दुसऱ्या महायुद्धांत दोस्तांच्या कारखान्यांना इतका नडला कीं १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एक समाईक माप मान्य केलें. महायुद्धाला जें जाणवलें तें अलिबागच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्यें अजूनहि जाणवतें, एवढेंच. आट्यांचें माप मोजण्याची कंगव्यासारखी पट्टी मिळते. ती फार महाग नाहीं.

न गंजणाऱ्या पोलादाचा मोह या किनाऱ्यावर स्वाभाविक आहे. फाटकाच्या बिजागऱ्या, गच्चीचे कठडे, सारें स्टेनलेस करून घेणारा गृहस्थ इंजिनांतहि तेंच घालावयास सांगतो. झांकणावरच्या नटांपुरती ती हौस चालेल. पण रॉकरच्या आधारांवर ती नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आंकडा कोरलेला असतो, त्याचा अर्थ त्या पोलादाची ताण-शक्ति दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, १०.९ असेल तर १०००. बाजारांतला नेहमींचा स्टेनलेस बोल्ट ७०० चा असतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा फिरविल्यास दोन्ही एकमेकांस चिकटून बसतात, आणि ॲल्युमिनियमशीं त्याचें वैर साध्या पोलादापेक्षां कमी नाहीं. ज्या बोल्टवर कसलाच आंकडा नाहीं तो खाटेला वापरावा. जुन्या टॅक्सी मोडल्यापासून कुर्ल्याच्या बाजारांत पद्मिनीचे सुटे भाग मिळतात. रॉकर, दांडे, झांकणें तेथून खुशाल घ्यावीं. जुने स्टड आणि कॉटर मात्र घेऊं नयेत. त्यांनीं किती लाख ठोके खाल्ले आहेत तें विकणारासहि ठाऊक नसतें.

प्रत्यक्ष काम थंड इंजिनावर करावें. आदल्या रात्रीं स्टडच्या मुळाशीं गंज सोडविणारें पातळ तेल सोडून ठेवावें. नट सोडतांना एकदम एक पुरता न सोडतां प्रत्येक नट अर्धा-अर्धा फेरा, आळीपाळीनें सोडावा. कारण कांहीं झडपा दाबलेल्या असतात, त्यांच्या स्प्रिंगा दांड्याला एका बाजूनें उचलतात व एका अंगानें तो वाकूं शकतो. रॉकर आणि पुशरॉड काढले त्या क्रमानेंच मांडून ठेवावे. पुठ्ठ्याला आठ भोंकें पाडून त्यांत सळ्या खोंचून ठेवण्याची जुनी युक्ति अजून कोणी सुधारलेली नाहीं. प्रत्येक सळईनें आपल्या रॉकरशीं वर्षानुवर्षें घासून एक बैठक केलेली असते. जोड्या बदलल्या तर झीज नव्यानें सुरू होते.

न निघणारा स्टड दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटानें फिरवावा. तरीहि न निघेल तर थोडी उष्णता द्यावी; पोलादापेक्षां ॲल्युमिनियम जास्त फुगतें, त्यामुळें पकड ढिली होते. हेडमधले आटे गेलेच असतील तर तेवढ्यानें हेड टाकून देण्याचें कारण नाहीं. भोंक मोठें करून, त्यांत टॅपनें नवे आटे पाडून, हेलिकॉइल नांवाचें पोलादी तारेचें वेटोळें बसवितात. त्याच्या पोटांत पुन्हां मूळच्याच मापाचा स्टड बसतो. नीट केलेली ही दुरुस्ती मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांहून बळकट असते. फक्त भोंक सरळ पाडलें पाहिजे, आणि कीस हेडच्या पोटांत जाऊं देतां कामा नये. जाड्या स्टडचे आटे पाडून तोच ठोकून बसविण्याचा सोपा मार्ग कांहीं मिस्त्री सुचवितात, तो नाकारावा. मूळ माप गेलें कीं पुढच्या माणसाची वाट बंद होते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या खासगी गाड्यांना २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनीं निराळी नोंदणी मिळूं लागली आहे. ज्यांच्या मनांत ती घ्यावयाची असेल त्यांनीं तर मूळचें माप जपलेंच पाहिजे.

आंधळ्या भोंकांत, म्हणजे ज्यांचा तळ बंद आहे त्यांत, तेल सांचलेलें असतां स्टड बसवूं नये. तेल दबत नाहीं. स्टडच्या जोरानें तें हेडला चीर पाडूं शकतें. भोंकें पुसून कोरडीं करावीं. स्टडचा आट्यांत शिरणारा भाग त्याच्या जाडीच्या दीडपट तरी असावा. लॉकनट व फटीचे स्क्रू बदलावयाचे तर आठहि बदलावे. एक नवा, सात जुने, अशी काटकसर पुन्हां झांकण उघडावयास लावते.

फट मोजतांना कोणती झडप केव्हां पुरती मिटलेली आहे, हें नवख्याला कळत नाहीं. ज्या इंजिनांत आठ झडपांची मांडणी मधोमध आरसा धरल्यासारखी, दोन्हीकडे सारखी असते, तेथें नवाची बेरीज उपयोगी पडते. पहिली झडप पुरती उघडली असेल तेव्हां आठवीची फट मोजावी, तिसरी उघडली असेल तेव्हां सहावीची. बेरीज नेहमीं नऊ. पोलादी पट्टी फटींतून किंचित् अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हां मोजावी, कारण आवळतांना स्क्रू थोडा फिरतोच. कांहीं शें किलोमीटर गाडी चालल्यावर हें सारें एकदां परत तपासावें; नव्या मळसूत्रांची बैठक तोंवर जमलेली असते.

झांकण लावण्याची घाई करूं नये. इंजिन सावकाश चालूं ठेवून प्रत्येक रॉकरपाशीं तेल झिरपतें कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. पुष्कळ इंजिनांत तेलाची वाट एका आधाराच्या पोटांतून वर येते. गॅस्केटचा तुकडा किंवा साचलेला काळा लगदा तेथें अडकला तर नवे स्टड, नवे नट सारें कोरडें चालून आठवड्यांत जळतें. तेल दिसलें कीं इंजिन बंद करून बुचाच्या लाकडाचें नवें पॅकिंग घालावें, झांकण बसवावें, आणि त्याचे नट हलक्या हातानें आवळावे. पत्रा वांकला तर तेल बाहेर गळत राहतें, मग कितीहि आवळलें तरी गळणें थांबत नाहीं.